फोन चोरीला गेलाय, आधी काय करू?

कातरवेळ | सोमवार, संध्याकाळी ७:४०

मंडळी, लॅपटॉपवरून लिहितेय, कारण फोन नाही.

दुपारी बसमधून उतरले आणि पर्सची चेन उघडी दिसली. रुमाल, किल्ल्या, पाकीट सगळं जागच्या जागी, फोन तेवढा गायब. पर्सच्या तळाशी नीट दिसावं म्हणून टॉर्च लावायला मी फोनच शोधत होते. (हसा, मीही नंतर हसले.) शेजारच्या बाईंच्या फोनवरून माझ्या नंबरला लावला. पहिल्या वेळी चार-पाच रिंग झाल्या आणि कट. दुसऱ्या वेळी स्विच ऑफ.

भाऊ म्हणतोय आधी पोलिसांत जा. नवरा म्हणतोय आधी बँकेला कळव. दोघांचं ऐकून माझं डोकं बधिर झालंय आणि प्रत्यक्षात अजून काहीच केलेलं नाही. अँड्रॉइड फोन आहे, दोन सिम, बोटाने उघडते. जागा भरली म्हणून फोटोंचा बॅकअप काही महिन्यांपूर्वी मीच बंद केला होता, ते आठवून पोटात गोळा येतोय.

आधी काय करू? क्रमाने सांगा प्लीज.

---

उंटावरचा | सोमवार, ७:५२

धागा वाचत बसू नका. लॅपटॉपवर गूगलचं खातं उघडं आहे ना? मग आत्ता फाइंड हब उघडा (हरवलेला फोन दुरून शोधायची गूगलची सोय, पूर्वी तिलाच फाइंड माय डिव्हाइस म्हणत). फोन निवडा आणि 'लॉक' दाबा. पडद्यावर दिसेल असा निरोप आणि भावाचा नंबर टाका. फोन बंद असला तरी हरकत नाही. हुकूम तिकडे वाट बघत राहतो, फोन इंटरनेटवर आला की लागू होतो.

ते झालं की लगेच भावाच्या फोनवरून मोबाइल कंपनीला फोन करा आणि दोन्ही सिम बंद करा. दोन्ही. एकावर काही नसतं म्हणून लोक दुसरं विसरतात आणि नेमकं बँकेला तेच जोडलेलं असतं.

मग बँक. पोलीस त्यानंतर. पोलीस चौकी तासाभराने कुठे जात नाही, ओटीपी जातो.

---

सुतारपक्षी | सोमवार, ८:०१

उंटावरच्यांशी थोडी असहमत. सिम बंद केलं की फोनला डेटा कुठून मिळणार? मग नकाशावर दिसणार कसा?

---

उंटावरचा | सोमवार, ८:०९

मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच लॉक आधी आणि सिम नंतर म्हटलं. पण मधे दहा मिनिटांहून जास्त अंतर नको. ताईंचा फोन दुसऱ्या कॉलला बंद लागला, म्हणजे सिम बहुधा बाहेर आलेलंच आहे. ते दुसऱ्या कुठल्याही साध्या फोनमध्ये घातलं की तुमचा नंबर त्याच्या हातात. तुमच्या फोनचं कुलूप कितीही मजबूत असो, आपण लावल्याशिवाय सिमला कुलूप नसतं. मग 'पासवर्ड विसरलो' दाबायचं आणि येणारा ओटीपी वाचायचा, एवढंच काम उरतं.

लोकांना वाटतं फोन गेला. फोन ही वस्तू आहे. खरी गेलेली चीज तुमचा नंबर आहे, कारण प्रत्येक दाराची किल्ली त्याच नंबरवर येते.

---

तिरपागडा | सोमवार, ८:१५

आणि लॉक स्क्रीनवर ओटीपीचा मेसेज अख्खा दिसत असेल तर सिम काढायचीही गरज नाही. माझ्या फोनवर तीन वर्षं दिसत होता. हे वाचून आत्ता बंद केला. धन्यवाद, कातरवेळ, तुमचा फोन वाया गेला नाही.

---

काठीवाले काका | सोमवार, ८:२०

तिरपागडा, वेळ बघून विनोद कर रे.

बाळ, फोन कुठून घेतला त्याचं बिल किंवा खोका आहे का? त्यावर आयएमईआय नंबर असतो, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, १५ आकडी. तक्रारीत तो लागतो. मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर *#०६# दाबून नंबर डायरीत लिहून ठेवलेत. नातवंडं हसतात. हसू देत.

---

कातरवेळ | सोमवार, ९:३५

केलं! लॉक पाठवला. 'शेवटचं ठिकाण' बसथांब्याजवळच दाखवतंय, दुपारी २:१२. दोन्ही सिम बंद झाली. बँकेला फोन करून ॲपचं लॉगिन आणि कार्ड थांबवलं. हेल्पलाइनवर एकवीस मिनिटं तेच ते संगीत ऐकलं.

खोका माळ्यावर सापडला. पण स्टिकर अर्धवट घासलाय. एका आयएमईआयमध्ये एक आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही. भिंग लावून पाहिलं. नवरा म्हणतो ३, भाऊ म्हणतो ८. बिल मिळत नाहीये.

---

निमूट | सोमवार, ९:४१

एक प्रश्न, कुणी विचारला नाही म्हणून. बसमध्ये फोन उघडताना पिन टाकलात का? कुणी बघेल अशा तऱ्हेने? हे महत्त्वाचं आहे. पिन बघून मग फोन उचलणारे असतात. पिन माहीत असला तर पुढची सगळी गणितं बदलतात.

---

कातरवेळ | सोमवार, ९:४४

नाही. सकाळपासून बोटानेच उघडत होते. पिन शेवटचा कधी टाकला तेही आठवत नाही.

---

निमूट | सोमवार, ९:४६

मग निम्मी काळजी गेली.

---

उंटावरचा | सोमवार, १०:०५

३ की ८ याचा निकाल भिंगाने नाही, बेरजेने लागेल. आयएमईआयचे पहिले ८ आकडे फोनची कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या विशिष्ट फोनचा क्रमांक, आणि १५वा आकडा फक्त तपासणीसाठी असतो. आधीच्या चौदांवरून तो काढलेला असतो. ही रीत हान्स पीटर लून या आयबीएममधल्या संशोधकाची. त्याचं पेटंट १९६० साली मंजूर झालं, क्रेडिट कार्डाचे नंबरही त्याच रीतीने तपासतात.

तुमचा नंबर इथे टाकू नका. कधीच, कुठेच उघड्यावर टाकू नका. पाठ्यपुस्तकी उदाहरण घेतो: ४९०१५४२०३२३७५१८. समजा यातला अकरावा आकडा पुसलाय.

डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागचे आकडे दुप्पट करायचे. दुप्पट दोन आकडी झाली तर त्यातले आकडे एकमेकांत मिळवायचे. ९ चे १८, म्हणजे ९. १ चे २. ४ चे ८. शून्याचं शून्य. २ चे ४. ७ चे १४, म्हणजे ५. १ चे २. बेरीज ३०. विषम जागचे आकडे जसेच्या तसे, पुसलेला सोडून: ४, ०, ५, २, ३, ५ आणि शेवटचा ८. बेरीज २७. एकूण ५७. अख्खी बेरीज १० च्या पटीत यायला हवी, म्हणजे ६०. कमी पडले ३. पुसलेला आकडा ३.

तुमचा पुसलेला आकडा सम जागी असेल तर ३ चे ६ होतील आणि ८ चे १६, म्हणजे ७. दोन्ही करून बघा, एकच जुळेल.

---

सुतारपक्षी | सोमवार, १०:११

हे शाळेत शिकवलं असतं तर मी गणितात नापास झाले नसते.

---

कातरवेळ | सोमवार, १०:३८

आठ!! भाऊ जिंकला. नवरा दोनदा बेरीज तपासून गप्प झोपायला गेला.

---

काठीवाले काका | मंगळवार, सकाळी ६:३०

दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात बाळ. दोन्ही दे. एकच दिलास तर दुसऱ्या खोबणीतून फोन चालू राहील.

---

उंटावरचा | मंगळवार, ९:१५

काकांना अनुमोदन. तक्रारीची प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका, पुढे आयएमईआय बंद करायला, विम्याला, कधीकधी सिमलाही ती मागतात. आणि तक्रारीत 'हरवला' लिहू देऊ नका. चोरीला गेलाय तर 'चोरी' लिहा.

आयएमईआय बंद करणं म्हणजे तो नंबर काळ्या यादीत जातो आणि त्या फोनला कुठल्याच कंपनीचं नेटवर्क मिळत नाही, सिम कितीही बदलो. भारतात हे काम सीईआयआर या मध्यवर्ती नोंदवहीतून, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून होतं. इतर देशांत यंत्रणेचं नाव वेगळं, तत्त्व तेच. फोन परत मिळाला तर बंदी उठवताही येते, त्यासाठी मिळालेला अर्ज क्रमांक जपा.

दोन गोष्टींचा भ्रम नको. एक, बंदी आली तरी वायफायवर फोन चालतोच, त्यामुळे नकाशावर दिसण्याची शक्यता संपत नाही. दोन, ज्या देशाचं जाळं ही यादी मानत नाही तिथे तो फोन मजेत चालेल. चोरीचे फोन सीमेपार जातात ते उगीच नाही.

---

तिरपागडा | मंगळवार, ९:४०

ठिपका दिसला की जाऊन गचांडी धरायची का?

---

सुतारपक्षी | मंगळवार, १०:०२

नाही! माझ्या चुलतभावाने केलंय हे. ठिपका एका सहा मजली इमारतीवर होता. नकाशा मजला सांगत नाही. शिवाय ठिपक्याभोवती ते फिकट वर्तुळ असतं ना, फोन त्या वर्तुळात कुठेही असू शकतो, शेजारच्या इमारतीतसुद्धा. हा पठ्ठ्या दोन मजल्यांवरच्या बेला वाजवून आला. तिसऱ्या दारात एक आजी होत्या, त्यांनी पाणी दिलं आणि समजावून घरी पाठवला. आजीच भेटल्या हे नशीब. ठिपक्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट काढा आणि पोलिसांना द्या.

---

कातरवेळ | मंगळवार, दुपारी ४:२०

तक्रार झाली, 'चोरी' असंच लिहून घेतलं. ड्यूटीवरचे काका चांगले होते, पण टायपिंग एका बोटाने. दोन्ही आयएमईआय दिले. त्याच नंबरचं नवं सिम मिळालं, घरातल्या जुन्या फोनमध्ये घातलं. व्हॉट्सॲप सुरू केलं तर आधीच्या फोनवरचं आपोआप बंद झालं म्हणे. खरं का?

---

उंटावरचा | मंगळवार, ५:००

खरं. एका नंबरचा मुख्य फोन एकच. आता लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा. उद्या कुणी तुमचा नंबर मिळवला तरी त्या पिनशिवाय तुमच्या नावाने 'ताई, जरा पैसे पाठव' असे मेसेज जाणार नाहीत.

---

सुतारपक्षी | मंगळवार, ५:३०

लॅपटॉपवर खातं आधीच उघडं होतं म्हणून कातरवेळ सुटली, हे कुणी लक्षात घेतलंय का? माझा गेला तेव्हा मी मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर बसले. पासवर्ड बरोबर टाकला. मग गूगल म्हणालं, 'तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, होय दाबा.' कुठल्या फोनवर? जो शोधायचाय त्याच फोनवर! दीड दिवस गेला त्यात.

तेव्हापासून गूगलचे बॅकअप कोड छापून ठेवलेत. दहा मिळतात, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. एक कागद घरी कपाटात, एक बहिणीकडे. आयफोनवाल्यांचं बरं आहे, आयक्लाउडच्या साइटवर फोन शोधण्यापुरता दुसरा कोड मागत नाहीत.

---

कातरवेळ | गुरुवार, रात्री ९:०५

मंडळी!!! भावाच्या नंबरवर मेसेज आलाय! 'आपला हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी क्लिक करा.' माझ्या फोनचं मॉडेलही बरोबर लिहिलंय. भावाने लिंक उघडली, गूगलसारखंच पान आहे, ईमेल आणि पासवर्ड मागतंय, खाली स्क्रीनचा पिनपण. मी टाकणार तेवढ्यात वाटलं आधी इथे सांगावं.

---

निमूट | गुरुवार, ९:०७

थांबा. काहीही टाकू नका. पान बंद करा.

---

निमूट | गुरुवार, ९:२९

मी सहसा लिहीत नाही, पण हे लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी माझा आयफोन गेला. मीही सगळं वेळेत केलं होतं. लॉस्ट मोड लावला (आयफोनचं दुरून लावायचं कुलूप), पडद्यावर बायकोचा नंबर दिला. सहाव्या दिवशी तिला असाच मेसेज आला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, तिने फोन करून आनंदाने विचारलं, पासकोड काय आहे? मी सांगितला. चार आकडे, मीटिंगमधून उठून, जिन्यात उभा राहून. अर्ध्या तासात नकाशावरून फोन नाहीसा झाला. खात्यातूनच काढून टाकला होता.

चोराला तुमचा नंबर कुठून मिळाला असं वाटेल. आपणच पडद्यावर लिहून दिलेला असतो.

हे का करतात ते नंतर कळलं. २०१३ साली आयफोनला ॲक्टिव्हेशन लॉक आला आणि २०१५ पासून अँड्रॉइडलाही तसंच संरक्षण मिळालं. फोन पुसून टाकला तरी आधीच्या मालकाचं खातं मागतो. म्हणजे चोराच्या हातात पडदा, बॅटरी आणि सुटे भाग एवढंच उरतं. अख्खा फोन विकायचा तर कुलूप मालकाकडूनच उघडून घ्यावं लागतं. म्हणून मेसेज, म्हणून फोन कॉल, कधी 'सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय', कधी सरळ धमकी.

एका अर्थाने तुम्हाला आलेली लिंक ही चांगली बातमी आहे. ती आली म्हणजे त्यांना फोन उघडता आलेला नाही.

---

कातरवेळ | गुरुवार, ९:३६

हात थरथरतायत. काही टाकलं नाही. निमूट, खूप खूप आभार.

---

काठीवाले काका | गुरुवार, ९:५०

निमूट, लिहीत जा रे अधूनमधून.

---

तिरपागडा | शुक्रवार, सकाळी ८:१०

आता तरी फोन पुसून टाका. त्यात फोटो, कागदपत्रं, काय काय असेल.

---

उंटावरचा | शुक्रवार, ८:३४

मी घाई करणार नाही. हल्लीच्या फोनमधला डेटा सांकेतिक रूपात साठवलेला असतो, पिन माहीत नसेल तर ते भेंडोळं असतं नुसतं. पिन कुणी पाहिलेला नाही. अँड्रॉइड दुरून पुसला की पुढे नकाशावर दिसत नाही, तो दोरा आपणच कापतो. आणि ताईंच्या फोटोंचा बॅकअप नाही. फोन परत मिळाला तर फोटो परत, पुसला तर गेले.

---

सुतारपक्षी | शुक्रवार, ९:००

आणि आठ महिन्यांनी कुणीतरी कुलूप तोडायची युक्ती काढली तर? मी असते तर पुसला असता. फोटो गेले तर गेले, घरातल्यांची ओळखपत्रं त्यात असतात हो. तुम्हाला आकड्यांवर विश्वास आहे, मला झोप हवी.

---

उंटावरचा | शुक्रवार, ९:१२

हाही हिशेब चुकीचा नाही. पिन पाहिला गेला असता तर मीही पहिल्या मिनिटाला पुसा म्हणालो असतो. फक्त एक: पुसा किंवा नका पुसू, पण आयफोन असेल तर तो खात्यातून 'काढून टाका' हे बटण कुणी दाबू नये. पुसल्यावरही कुलूप राहतं, काढून टाकल्यावर राहत नाही. चोराला जे हवं असतं ते आपणच देतो मग. निमूटच्या बाबतीत ते चोरांनी केलं, पुष्कळ लोक 'आता तो फोन माझा नाही' म्हणून आपल्या हाताने करतात.

---

कातरवेळ | रविवार, दुपारी १२:३०

दोन दिवस विचार करून पुसायचा हुकूम पाठवला. त्यात मुलाच्या शाळेची कागदपत्रं होती आणि आईचे तपासणीचे रिपोर्ट. फोटोंचं वाईट वाटतंय, पण घरच्यांच्या फोनमधून बरेच जमवले. फोन अजून इंटरनेटवर आलेला नाही, त्यामुळे हुकूम तसाच लटकलाय.

---

तिरपागडा | रविवार, १:००

म्हणजे चोराने वायफाय लावलं की स्वतःच पुसणार. मेहनती माणूस.

---

कातरवेळ | दोन आठवड्यांनी, रात्री १०:१५

फोन मिळालेला नाही. भावाला अजून दोन लिंका आणि एक फोन आला, त्याने तिघांनाही ब्लॉक केलं. नवा फोन घेतला. बॅकअप चालू, ओटीपी पडद्यावर दिसत नाही, बंद पडद्यावरून एअरप्लेन मोड लागणार नाही असं सेटिंग केलं, चोरी ओळखून आपोआप लॉक होणारं सेटिंगपण चालू केलं. बॅकअप कोड छापून नवऱ्याच्या आणि माझ्या अशा दोन फायलींत ठेवले.

मग उंटावरचे म्हणाले होते ना सिमला कुलूप नसतं, म्हणून सिमला पिन लावायला गेले. सेटिंगमध्ये 'सिम लॉक करा' चालू केलं, त्याने पिन विचारला. मला वाटलं नवा पिन ठरवायचाय, म्हणून माझे चार आकडे टाकले. चूक म्हणाला. पुन्हा तेच टाकले. पुन्हा चूक. आता '१ प्रयत्न शिल्लक' असं दिसतंय.

तिसऱ्यांदा टाकायच्या आधी इथे आलेय.

---

उंटावरचा | रात्री १०:१८

बोट बाजूला घ्या!

तो नवा पिन मागत नाहीये, सिममध्ये कंपनीने आधीच घातलेला पिन मागतोय. तो कंपनीप्रमाणे वेगळा असतो, अंदाजाने टाकायचा नसतो. सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून काढलं त्यावर छापलेला असू शकतो, नाहीतर ग्राहक सेवेला विचारा. तो टाकून कुलूप चालू करायचं, मग 'पिन बदला' मध्ये जाऊन स्वतःचा ठेवायचा. तिसऱ्यांदा चुकलात तर आठ आकडी पीयूके मागेल, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद.

---

कातरवेळ | रात्री १०:२१

प्लास्टिकचं कार्ड काल रद्दीत दिलं.

---

काठीवाले काका | रात्री १०:२४

माझ्या डायरीत पीयूके पण आहेत. नातवंडं हसतात.

---

कातरवेळ | दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:०५

ग्राहक सेवेने ओळख पटवून पिन दिला, लागला. या वेळी संगीत चौदाच मिनिटं होतं. काका, डायरी आणलीये.